फुल रेंज असूनही नेट का चालत नाही? मोबाइलवरील चिन्हे समजून घेऊया



मागच्या पालकसभेत एक ताई म्हणाल्या, "सर, मोबाइलला सगळ्या काड्या असतात, तरी तुम्ही पाठवलेला व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो. पोरगं बिचारं वाट बघून झोपून जातं." खरं सांगायचं तर गृहपाठ झाला नाही म्हणून त्या मुलाला मी आदल्याच दिवशी वर्गात बोललो होतो. म्हणून सभा संपल्यावर त्यांचा मोबाइल हातात घेऊन नीट बघितलं. काय सापडलं ते शेवटी सांगतो. आधी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातली चिन्हे समजून घेऊया.

१. काड्या काय सांगतात?

टॉवरकडून येणारा सिग्नल आपल्या मोबाइलपर्यंत किती जोरात पोहोचतो, एवढंच काड्या सांगतात. नेटचा वेग त्या सांगत नाहीत. शिवाय किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक मोबाइल कंपनी आपापलं ठरवते. म्हणून एकाच घरात, एकाच कंपनीचं सिम असूनही एका मोबाइलला दोन तर दुसऱ्याला चार काड्या दिसू शकतात.

वर्गाचं उदाहरण घेऊ. टॉवर म्हणजे गुरुजी. गुरुजींचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट येतोय, म्हणजे काड्या फुल. पण ६० मुलं एकदमच वह्या तपासायला घेऊन आली, तर आपला नंबर उशिराच लागणार! टॉवरचंही तसंच आहे. यात्रेत, बाजारच्या दिवशी किंवा रात्री सगळे मोबाइल घेऊन बसले की काड्या पूर्ण असूनही नेट रेंगाळतं.

२. काड्यांजवळचं अक्षर काय सांगतं?

मोबाइल आणि टॉवर कोणत्या पद्धतीने जोडले गेले आहेत, हे अक्षरावरून कळतं.

• जी आणि ई : ही २जी ची चिन्हे. 'जी' सगळ्यात हळू. 'ई' त्याच्यापेक्षा बरं, पण साधा मजकूर जाईल, व्हिडिओ नाही.
• ३जी, एच, एच प्लस : 'एच' आणि 'एच प्लस' हे ३जी चेच सुधारलेले प्रकार. 'एच प्लस'चा कागदावरचा वेग २१ एमबीपीएस किंवा त्याहून जास्त असतो.
• ४जी किंवा एलटीई : दोन्ही नावं एकाच गोष्टीची. भारतात ही सेवा २०१२ मध्ये कोलकात्यातून सुरू झाली. व्हिडिओसाठी सहसा पुरेशी.
• व्होल्टीई : कॉलसुद्धा ४जी वरूनच होतो. ही सोय बंद असेल तर कॉल आला की मोबाइल २जी किंवा ३जी वर उतरतो आणि नेट मंदावतं किंवा थांबतं.
• ५जी : भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून. यासाठी ५जी चालणारा मोबाइल आणि गावात ५जी सेवा, दोन्ही हवं.

काड्यांजवळ उद्गारचिन्ह किंवा फुली दिसली, तर बहुतेक वेळा टॉवर सापडलाय पण इंटरनेट मिळत नाही, असं समजावं.

३. एमबी आणि एमबीपीएस यात गोंधळ नको

फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात, तर नेटचा वेग बिटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून वेगाला ८ ने भागायचं. ८ एमबीपीएस वेग असेल तर एका सेकंदाला १ एमबी उतरतो.

आता ३० एमबीचा एक व्हिडिओ घ्या :

• ८ एमबीपीएस वेग : सुमारे ३० सेकंद
• २०० केबीपीएस वेग : सुमारे २० मिनिटे
• ६४ केबीपीएस वेग : एक तासापेक्षा जास्त!

पाचवीच्या मुलांना भागाकारासाठी हे गणित जरूर द्या. रोजच्या वापरातलं असल्याने मुलं आवडीने सोडवतात.

४. मग त्या ताईंच्या मोबाइलचं काय झालं होतं?

काड्या पूर्ण होत्या, ४जी लिहिलेलं होतं. पण रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असायचा. अनेक प्लॅनमध्ये डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. कोपऱ्यातलं चिन्ह मात्र बदलत नाही. मी व्हिडिओ पाठवायचो रात्री आठला!

नेट अडकलं तर एवढं तपासा : आजचा डेटा शिल्लक आहे का? अक्षर कोणतं आहे? दुसऱ्या वेळी किंवा अंगणात जाऊन फरक पडतो का? 'ट्राय'च्या मायस्पीड अ‍ॅपवर वेगही मोजता येतो, पण त्या तपासणीलाही डेटा खर्च होतो हे लक्षात ठेवा.

शिक्षक मित्रांनो, आता मी व्हिडिओ लहान करून सकाळी पाठवतो आणि सोबत स्वाध्याय मजकूर म्हणून लिहितो. मजकूर ६४ केबीपीएसवरही पोहोचतो. आणि गृहपाठ आला नाही, तर रागावण्याआधी एकदा विचारतो, "बाळा, काल व्हिडिओ उघडला होता का?"