जुन्या गाडीचं कुलूप: समज, गैरसमज आणि वायरिंग

1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थान मोटर्सची अँबेसिडर आली. पुढची कित्येक दशकं पांढरी अँबेसिडर म्हणजे साहेबाची गाडी, हे समीकरण इथे पक्कं होतं. 2014 मध्ये अँबेसिडरचा उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला. कुर्ल्यातली प्रीमियर पद्मिनी त्याच्या बरीच आधी थांबली होती. आज एमपी-04 पाटीच्या ज्या अँबेसिडर, फियाट किंवा कॉन्टेसा शौकिनांनी जपल्या आहेत, त्यांच्या मालकांपुढे एक प्रश्न हमखास येतो: रिमोटचं सेंट्रल लॉक बसवावं का?

सल्ला द्यायला गॅरेजवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळेच तयार असतात. त्या सल्ल्यांतले काही तपासून पाहण्यासारखे आहेत.

गैरसमज: सेंट्रल लॉक बसवलं की गाडी चोरीपासून सुरक्षित.

सेंट्रल लॉक एकच काम करतं: चारही दारं एकदम बंद किंवा उघडी करणं. प्रत्येक दारात एक छोटी मोटर, म्हणजे अॅक्चुएटर, बसते आणि तिची सळई दाराच्या मूळ कुलपाच्या सळईला जोडली जाते. बाजारातल्या नेहमीच्या किटमध्ये चालकाच्या दारातल्या अॅक्चुएटरला पाच वायरी असतात, कारण त्यात मोटरबरोबर स्विचही असतो; बाकीच्या दारांना दोनच. त्या दोन वायरींमधला प्रवाह उलटसुलट केला की सळई खाली किंवा वर सरकते.

म्हणजे दार अडवून धरणारी खीळ जुनीच राहते. चाळीस वर्षं झिजलेलं कुलूप दुसऱ्याच किल्लीने उघडत असेल, तर रिमोट घेतल्यावरही ते तसंच उघडेल. पद्मिनीच्या पुढच्या दारातली तिकोनी काच हा आणखी एक दरवाजाच. तिची खिट्टी ढिली असेल तर हात आत जातो आणि चारही अॅक्चुएटर बिनकामाचे ठरतात.

दार बंद असणं आणि गाडी न हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकेत अलीकडेच मोठ्या किमतीला कळलं. तिथे 2015 च्या मॉडेलांपैकी ह्युंदाई-कियाच्या फक्त 26 टक्के मॉडेलांत इमोबिलायझर, म्हणजे योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, मूळचा होता. इतर कंपन्यांचं प्रमाण 96 टक्के होतं. स्टिअरिंगखालचं आवरण तोडून यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली आणि 2022 पर्यंत या गाड्यांच्या चोऱ्यांची लाटच आली. दारांची कुलपं त्या गाड्यांनाही होती.

गैरसमज: विजेवरचं लॉक ही आजकालची चैन, जुन्या गाडीला ते शोभत नाही.

अमेरिकेतल्या स्क्रिप्स-बूथ कंपनीने 1914 मध्येच विजेवर चालणारी दारकुलपं दिली होती. 1956 मध्ये पॅकार्डने ती पुन्हा आणली. शोभतं की नाही, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न. कल्पना मात्र अँबेसिडरपेक्षा जुनी आहे.

गैरसमज: बारा व्होल्टचं किट कोणत्याही गाडीला बसतं.

इथे घाई महागात पडते. पहिला प्रश्न व्होल्टेजचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचं वायरिंग सहा व्होल्टचं होतं; फोक्सवॅगन बीटलही साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत सहा व्होल्टवर चालायची. त्यांना बाजारातलं किट थेट चालत नाही.

दुसरा प्रश्न अर्थिंगचा. अँबेसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली, तिच्यात त्या काळच्या ब्रिटिश रिवाजाप्रमाणे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. आजची किटं, अलार्म आणि ट्रॅकर निगेटिव्ह अर्थ गृहीत धरून बनतात. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते तसेच जोडले तर सर्किट जळू शकतं. म्हणून वायर कापण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर लावून बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला गेलंय ते पाहणं आवश्यक.

तिसरा प्रश्न पत्र्याचा. दारात वायर न्यायची तर बिजागरीकडच्या खांबाला आणि दाराच्या कडेला भोक पाडावं लागतं. त्यात रबरी ग्रोमेट बसवलं नाही, तर दोन धोके असतात: दार उघड-मिटीत वायर घासून शॉर्ट होते आणि कच्च्या कडेला गंज धरतो. भोपाळचा पाऊस दाराच्या पोकळीत उतरतोच. तळाची पाणी जायची भोकं बुजलेली असतील तर अॅक्चुएटर पहिल्याच पावसाळ्यात आखडतो. फ्यूज बॅटरीजवळ हवा, दारात नव्हे. पन्नासच्या दशकातल्या ‘डुक्कर फियाट’ची पुढची दारं तर उलटी, मागच्या बाजूला बिजागरी असलेली, तिथे वायरीचा मार्गच वेगळा शोधावा लागतो.

बॅटरी बसली तर मालक बाहेर अडकेल, ही भीती मात्र बहुतेक वेळा निराधार असते. किट नीट जोडलं असेल तर किल्ली पूर्वीसारखीच फिरते. मूळ किल्लीचं कुलूप काढून टाकलं, तरच पंचाईत.

गैरसमज: एक छुपा स्विच लावला की काम झालं.

जुन्या गाडीत इग्निशनचं गणित साधं असतं. बॅटरीतून कॉइलला करंट, कॉइलपासून सीबी (काँटॅक्ट ब्रेकर) पॉइंट, आणि पॉइंट उघडताना प्लगमध्ये ठिणगी. बहुतेक लोक किल्ली आणि कॉइल यांच्यामधल्या वायरीवर स्विच टाकतात. पण जाणकार चोर बॉनेट उघडून बॅटरीपासून कॉइलपर्यंत नवी वायर ओढतो आणि तो स्विच वळसा घालून टाळतो.

त्यापेक्षा जुन्या मेकॅनिकांची दुसरी युक्ती सरस आहे. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला एक वायर जोडून ती छुप्या स्विचमधून बॉडीला अर्थ करायची. मग पॉइंट उघडले तरी प्रवाह तुटत नाही आणि ठिणगी पडत नाही. चोराने पलीकडून कितीही वायरी ओढल्या, तरी सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन गप्प. ही वायर मूळ वायरिंगच्या रंगाची आणि त्याच गुंडाळीत हवी.

याहून साधा उपाय खिशात मावतो. 1940 मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये उभी केलेली गाडी निकामी करून ठेवणं कायद्याने बंधनकारक झालं, तेव्हा लोक डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर काढून सोबत नेत. अँबेसिडर, पद्मिनीलाही ते लागू पडतं. बॅटरीच्या अर्थ टोकावर बसणारा कटऑफ स्विच हाही चांगला पर्याय. जुन्या गाडीत बॅटरी तोडल्यावर पुसली जाईल अशी कुठली इलेक्ट्रॉनिक मेमरी नसते, शिवाय शॉर्टसर्किटने आग लागण्याचा धोकाही घटतो.

गैरसमज: लोखंडी स्टिअरिंग लॉक आता कालबाह्य.

पश्चिम जर्मनीने 1963 पर्यंत रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्यांना, जुन्यांसकट, स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं. कारचोऱ्या साठ टक्क्यांहून अधिक घटल्या. ब्रिटनने 1971 पासून फक्त नव्या गाड्यांना ते लावलं. नव्या गाड्यांच्या चोऱ्या कमी झाल्या, पण चोर बिनकुलपाच्या जुन्या गाड्यांकडे वळले. जुन्या गाडीच्या मालकासाठी यात थेट इशारा आहे: शेजारच्या नव्या गाडीत कारखान्यातूनच इमोबिलायझर आलेला असताना डॅशबोर्डवर साधी किल्ली असलेली अँबेसिडर सोपी शिकार ठरते. स्टिअरिंगवरचा जाड दांडा किंवा क्लच-ब्रेक पेडलांना बांधणारं कुलूप यांना ना व्होल्टेज लागतं, ना गाडीला भोक.

गैरसमज: जीपीएस ट्रॅकर आणि अलार्म असल्यावर बाकीची गरज नाही.

ट्रॅकर चोरी थांबवत नाही, नंतरचा माग देतो. तोही नेटवर्क असेल आणि बॅटरी जिवंत असेल तर. जपलेल्या गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहतात. अलार्म आणि ट्रॅकर मिळून 50 मिलीअँपिअर ओढत असतील, तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, वीस दिवसांत 24. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी तोवर सेल्फ फिरवण्याच्या लायकीची राहत नाही. त्यातून गाडीत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असेल, तर तो आयडलवर जेमतेम चार्ज करतो. घरी मेंटेनर चार्जर लावणं हा त्यावरचा इलाज.

गैरसमज: लॉक बसवलं की ‘व्हिंटेज’ दर्जा जातो.

जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेली खासगी दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. अट अशी की ती मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. दारातला अॅक्चुएटर यात मोडत नाही. अशा गाडीची नव्याने नोंदणी केली तर ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली किंवा प्रदर्शनातले परीक्षक मात्र मूळपणाचे गुण वेगळे मोजतात. त्यामुळे सगळं काम परत काढता येईल असंच करावं आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग डब्यात जपावा.

गैरसमज: कोणतंही किट लावलं की विम्याचा हप्ता कमी होतो.

मोटर टॅरिफच्या नियमात ही सवलत स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याच्या अडीच टक्के, आणि जास्तीत जास्त 500 रुपये आहे. तीही पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी उपकरणाला, आणि ते बसवल्याचं ऑटोमोबाइल असोसिएशनचं प्रमाणपत्र असेल तर. खरा पैसा दुसरीकडे असतो. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. जीर्णोद्धाराची बिलं, फोटो आणि मूल्यांकन न देता पॉलिसी घेतली, तर लाखोंची गाडी कागदावर भंगाराच्या भावाने नोंदली जाते.

आणि गाडी गेलीच, तर तक्रार लगेच हवी. मध्य प्रदेश पोलिसांनी 2021 मध्ये वाहनचोरीसाठी ई-एफआयआरची सोय सुरू केली; अट अशी की वाहन 15 लाखांपर्यंतचं आणि आरोपी अज्ञात असावा, शिवाय बळाचा वापर झालेला नसावा. पोलिसांकडे ताबडतोब तक्रार केली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

त्यामुळे खर्चाचा क्रम असा लावता येतो. आधी झिजलेली कुलपं आणि तिकोनी काचेच्या खिट्ट्या दुरुस्त कराव्यात. मग स्टिअरिंगचा दांडा, पॉइंटचा छुपा स्विच आणि बॅटरी कटऑफ. चासी व इंजिन क्रमांकांचे फोटो घराच्या कपाटात ठेवावेत, गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये नव्हे. एवढं झाल्यावर पैसे उरलेच, तर सेंट्रल लॉक खुशाल बसवावं. पावसात चार दारांभोवती फिरण्याचा त्रास ते नक्की वाचवतं.