लाभक्षेत्र आणि बुडीत क्षेत्र : लाभ-व्यय विश्लेषणाची परिभाषा

धरणाच्या कालव्याचे पाणी ज्या जमिनींना मिळते त्या प्रदेशास मराठीत ‘लाभक्षेत्र’ म्हणतात, आणि धरणामागे जो प्रदेश पाण्याखाली जातो त्यास ‘बुडीत क्षेत्र’. पहिला शब्द उघडच जमेच्या बाजूचा आहे. दुसरा वरवर पाहता केवळ वर्णनपर वाटतो. परंतु ‘बुडीत’ हा सावकाराच्या वहीतलाही शब्द आहे. जे येणे वसूल होण्याची आशा सोडून दिलेली असते ते बुडीत खाती टाकले जाते. खर्च आणि बुडीत यांत भेद आहे. खर्चाचे समर्थन करावे लागते. बुडीत रकमेकडे सहसा कोणी फिरून पाहत नाही. सार्वजनिक प्रकल्पांच्या मूल्यमापनाची जी पद्धती लाभ-व्यय विश्लेषण या नावाने ओळखली जाते, तिच्याविषयीचा बराचसा वाद या भेदाभोवती फिरत आलेला आहे. विषय अर्थशास्त्राचा खरा. परंतु कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात घालावयाची हा प्रश्न गणिताच्या आधी शब्दांचा आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने तो परका मानण्याचे कारण नाही.

पद्धतीची मूळ कल्पना साधी आहे. प्रकल्पामुळे साऱ्या समाजास होणारे लाभ आणि त्यासाठी सोसावा लागणारा व्यय पैशांत मोजावा, पुढील वर्षांतील रकमा आजच्या मूल्यावर आणाव्यात, आणि लाभ अधिक भरल्यास काम हाती घ्यावे. पुलावरून जाणारा माणूस जो पथकर देतो त्याहून अधिक देण्याची त्याची तयारी असू शकते, व ती तयारी हेच पुलाच्या उपयुक्ततेचे माप, असे फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४४ मध्ये मांडले. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने लाभ व्ययाहून अधिक असावेत ही अट घातली. त्या कायद्याची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. लाभ कोणासही होवोत, ते मोजावेत असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. व्यय कोणाच्या वाट्यास येवो, असे मात्र म्हटलेले नाही. मसुदा करणाऱ्यांच्या मनात तेव्हा काय होते हा प्रश्न वेगळा. वाचकाला ही विषमता खटकल्यावाचून राहत नाही.

१९३९ मध्ये निकोलस कॅल्डोर आणि जॉन हिक्स यांनी या पद्धतीस तात्त्विक बैठक दिली. ज्यांचा लाभ झाला त्यांना ज्यांची हानी झाली त्यांची पूर्ण भरपाई करूनही काही शिल्लक उरत असेल, तर तो बदल समाजाच्या हिताचा समजावा. भरपाई प्रत्यक्ष दिलीच पाहिजे असे नाही. ती देता येण्याजोगी असली म्हणजे पुरे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे सारा हिशेब एका शक्यार्थक क्रियापदावर तोललेला आहे. ‘देता येईल’ आणि ‘दिली’ यांमधील अंतर अर्थशास्त्रात नगण्य ठरते, आणि बुडणाऱ्या गावात तेच आयुष्यभर पुरते.

भारतात ब्रिटिश अमदानीत पाटबंधाऱ्यांची मुख्य कसोटी सरकारी तिजोरीत किती परतावा येतो ही होती. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रदेशाची पाहणी करून १९४८ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांचा विचार होता. म्हणजे दृष्टी तिजोरीवरून समाजाकडे वळली. १९६४ मध्ये निजलिंगप्पा समितीने परताव्याऐवजी आर्थिक लाभाची कसोटी सुचविली, आणि पुढे मान्यतेसाठी १.५ हे लाभ-व्ययाचे गुणोत्तर रूढ झाले.

गुणोत्तराची एक खोड सांगितली पाहिजे. समजा, एका धरणाचे लाभ २८० कोटी, बांधकामाचा व्यय १५० कोटी आणि बुडणारी शेते व जंगल यांची हानी ५० कोटी आहे. हानी व्ययात मिळविली तर २८० भागिले २००, म्हणजे १.४, प्रकल्प नामंजूर. तीच हानी लाभातून वजा केली तर २३० भागिले १५०, म्हणजे १.५३, प्रकल्प मंजूर. निव्वळ लाभ दोन्ही वेळा ८० कोटीच. एकही आकडा खोटा नाही. केवळ एका रकमेने रकाना बदलला.

वटावाचेही तसेच. ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ५ टक्के दराने सुमारे ८ रुपये ७२ पैसे, आणि १० टक्के दराने अवघे ८५ पैसे भरते. नातवंडांच्या पिढीचे जंगल या मापाने जवळजवळ शून्य होते.

सरदार सरोवराच्या बाबतीत नर्मदा लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व मान्य केले. ही मोठीच गोष्ट होती. ‘देता येईल’ याची जागा ‘द्यावी’ने घेतली. परंतु विस्थापित कोणास म्हणावे? सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो खातेदार. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणारा आदिवासी कागदोपत्री ‘अतिक्रमणदार’ ठरला. कालव्यांसाठी ज्यांची जमीन गेली तेही त्या व्याख्येबाहेर राहिले. महाराष्ट्रातील ३३ गावे, तेव्हा धुळे आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यातील, या शब्दार्थाच्या तंट्यात वर्षानुवर्षे अडकली. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनाच्या तयारीवर कठोर टीका केली, १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले, धरण मात्र पुढे गेले व २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. कच्छ व सौराष्ट्रात पोचलेले पिण्याचे पाणी हा खराखुरा लाभ आहे, आणि तो नाकारून टीका सिद्ध होत नाही.

म्हणून ही पद्धतीच टाकून द्यावी, हा मला उतावळेपणा वाटतो. हिशेबच मांडला नाही तर बलवंताची इच्छा तेवढी उरते. पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्ग्लिन आणि अमर्त्य सेन यांनी १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी जी मार्गदर्शिका लिहिली, तीत गरिबाच्या हाती पडणाऱ्या रुपयास अधिक वजन देण्याची वाट दाखविलेली आहे. ती फारशी चोखाळली गेली नाही. किती वजन, हे शासनकर्त्यांस उघड सांगावे लागते, आणि हे उघड सांगणे त्यांना परवडत नसावे.

साहित्याने या हिशेबाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. विश्वास पाटील यांच्या धरणग्रस्तांवरील कादंबरीस १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचे नाव ‘झाडाझडती’, आणि ‘झाडा घेणे’ म्हणजे कसून हिशेब तपासणे. तिच्यासारख्या कृतींचे भाषांतर करणाऱ्यासमोर ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाची अडचण उभी राहते. ‘दुष्काळग्रस्त’, ‘पूरग्रस्त’ यांच्या ओळीत बसणारा हा शब्द प्रकल्पास आपत्तींच्या जातीत नेऊन बसवितो. हिंदीतील ‘विस्थापित’ हा त्याचा पर्याय म्हणून सर्रास वापरला जातो, परंतु त्यात केवळ जागा सुटल्याचा अर्थ आहे. धरणाखालच्या आटलेल्या पात्रातला मासेमार जागेवरच असतो. तो विस्थापित नव्हे, प्रकल्पग्रस्त मात्र आहे. भाषांतरात पहिला शब्द ठेवला की तो हिशेबातून गळतो.