संकासुर, सरपंच आणि पाचपुते

वाशीच्या नाट्यगृहाला ज्या विष्णुदास भाव्यांचं नाव दिलंय, त्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला. 5 नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन आपण त्याच प्रयोगाची आठवण म्हणून पाळतो. भाव्यांच्या त्या पौराणिक नाटकांत देवांच्या आधी रंगमंचावर यायचा तो विदूषक. अंगाला झाडपाला बांधून, उड्या मारत यायचा आणि सूत्रधाराची फिरकी घ्यायचा. मग गणपती, मग सरस्वती, मग कथानक. पुढे नाटक मंडळ्यांनी तर मुख्य पौराणिक खेळ संपला की वर एक फार्स करून दाखवायची पद्धतच पाडली. रात्रभर रामायण-महाभारत पाहिलेला प्रेक्षक पहाटे पोट धरून हसत घरी जायचा, आणि त्यात कुणाला काही विपरीत वाटत नसे.

हे सांगायचं कारण, त्याच भाव्यांच्या नावाच्या नाट्यगृहात 31 मे 2008 रोजी बॉम्ब सापडला. नाटक होतं संतोष पवारांचं 'आम्ही पाचपुते', महाभारताचं विडंबन. वाशीतला बॉम्ब वेळीच निकामी केला गेला. चारच दिवसांनी, 4 जूनला, ठाण्याच्या गडकरी रंगायतनात मात्र स्फोट झाला आणि सात जण जखमी झाले. नाटकात देवादिकांची टिंगल होते, हा त्यामागचा राग होता. 2011 मध्ये मुंबईतल्या न्यायालयाने दोघांना दोषी ठरवून 10 वर्षांची शिक्षा सुनावली, तर चौघांची सुटका झाली.

पवारांचं 'यदाकदाचित' त्याआधीच गाजलं होतं. पौराणिक पात्रांना आजच्या राजकारणाच्या, आजच्या भाषेच्या गर्दीत सोडून द्यायचं, ही त्यांची रीत. ती कुणाला आवडावी, कुणाला न आवडावी. नाटक आवडलं नाही तर उठून जावं, पत्र लिहावं, परीक्षण लिहावं. पण देवाधर्माची थट्टा हे आजकालच्या लोकांचं खूळ आहे, असं जे म्हणतात त्यांनी एकदा कोकणातल्या जत्रेत रात्र काढावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

देवळासमोरचा मांडव. पेटी, पखवाज आणि झांज. मध्ये एक लाकडी बाकडं. तेच इंद्राचं सिंहासन, तोच रथ, तेच राणीचं शेजघर. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर अशी दशावतारी मंडळांची पिढीजात नावं. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र करणार ते ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. स्त्रीपात्रही पुरुषच करतो. आणि या देवळातल्या नाटकात आख्यानाआधी कोण येतं? वेद पळवणारा संकासुर. काळ्या वेषातला हा राक्षस ठेक्यावर नाचतो, मालवणीत बोलतो, भटजीला कोंडीत पकडतो, समोर बसलेल्या गावकऱ्यांना टोमणे मारतो. विष्णूने त्याला मारायचं असतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण तोवर मांडव त्याचाच असतो. देशावरच्या तमाशातली गवळण घ्या. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, लंगडा पेंद्या आणि पुरुषाने केलेली मावशी. तिथे कृष्णाशी हुज्जत घालायची गौळणींना पूर्ण मुभा. ज्याच्याशी रोजची ओळख आहे त्याचीच माणूस अशी थट्टा करू शकतो.

या साऱ्याचा कळस म्हणजे 'वस्त्रहरण'. गंगाराम गवाणकर हे राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. गावातली हौशी नाटकं त्यांनी आतून पाहिलेली. त्यातूनच त्यांनी कोकणातल्या एका गावाने बसवलेल्या द्रौपदी वस्त्रहरणाच्या प्रयोगाचा कसा फज्जा उडतो, याचं नाटक लिहिलं. मच्छिंद्र कांबळींना घेऊन 1980 साली ते रंगमंचावर आलं. सुरुवातीला प्रेक्षक फिरकेना. पुढे पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून मोकळेपणाने दाद दिली आणि दिवस पालटले. प्रयोगांची संख्या 5000च्या पुढे गेली, नाटक लंडनपर्यंत पोचलं आणि कांबळींचा तात्या सरपंच घराघरांत झाला.

लोक हसतात ते युधिष्ठिराला? मला नाही तसं वाटत. लोक हसतात ते युधिष्ठिर झालेल्या शेजाऱ्याला. पाठांतर विसरलेल्याला, मिशी सुटलेल्याला, नाटकातही गावातलं भांडण पुढे चालू ठेवणाऱ्याला. महाभारत तिथे जसंच्या तसं उभं राहतं; ते प्रत्येकाला पाठ आहे म्हणूनच चुकलेलं कळतं. ज्या समाजाला मूळ कथाच ठाऊक नाही, त्याच्यापुढे विडंबन रंगणार नाही. शाळकरी मुलांना द्यूतसभेत कोण कोण होतं हे सांगता आलं नाही, तर 'वस्त्रहरणा'तल्या निम्म्या जागा वाया जातील. विडंबनाचं खरं नुकसान रागावलेल्या माणसांपेक्षा विसराळूपणाने होईल, असं माझं मत आहे.

नवी मुंबईत या नाटकांची माणसं आहेत. मूळ गावठाणांतले आगरी-कोळी, घाऊक बाजाराबरोबर इथे आलेले साताऱ्याकडचे माथाडी, सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून आलेली कुटुंबं. यात्रेला किंवा शिमग्याला गावचं नाटक बसवायचं, हे प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी केलेलं. मुंबईत गिरणगावाने याच माणसांतून कामगार रंगभूमी उभी केली. दिवसपाळी करून आलेला माणूस चाळीत तालीम करायचा आणि परळच्या दामोदर हॉलमध्ये प्रयोग करायचा. गिरण्यांच्या संपानंतर ती विस्कटली. आपल्याकडे सिडकोने शहर वसवताना मैदानं आखली, समाजमंदिरं बांधली. मात्र रात्री नऊनंतर दहा-बारा माणसांना मोठ्याने बोलत तालीम करता येईल अशी जागा शोधू गेलं तर सापडत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये दुःशासन गरजू लागला की वरच्या मजल्यावरून फोन येतो.

तरी विनोदी नाटक हे हौशी मंडळींना परवडणारं नाटक आहे. नेपथ्याला एक बाकडं पुरतं. मुकुट, गदा, धोतरं भाड्याने देणारे ड्रेपरीवाले अजून आहेत. एखाद्याला वाक्य आठवलं नाही तर विनोदात तेही खपून जातं. एक गोष्ट मात्र सांभाळायची: नवं लिहिलेलं नाटक जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते हातात असलं की ऐनवेळी कुणी हरकत घेतली तर नाटक करणाऱ्यांना उभं राहायला आधार मिळतो.

महापालिकेने प्रत्येक विभागातल्या एका समाजमंदिराचा हॉल आठवड्यातल्या दोन रात्री तालमीसाठी नाममात्र भाड्यात द्यावा, एवढी मागणी आपल्या भागातल्या मंडळांनी एकत्र येऊन करायला हवी. आणि पुढच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा ठरवण्याआधी आपल्या इमारतीतल्या आजोबांना एकदा विचारा, गावच्या नाटकात तुम्ही कोण व्हायचात? बहुतेक त्यांना त्यांचे संवाद अजून पाठ असतील. उरलेले पांडव तुम्ही गोळा करा.