छोट्या गाडीचे तात्या

दांडिया बाजारातल्या आमच्या आळीत तात्यांना सगळे 'गार्डसाहेब' म्हणत. घरात मात्र कुणी तसे म्हटलेले त्यांना खपत नसे. "साहेबाला प्रतापनगरच्या फलाटावर ठेवून आलोय," असे म्हणत ते कोट खुंटीला लावीत, पितळी गुंड्यांवरून एकदा फडके फिरवीत आणि आम्हां नातवंडांत जे सर्वांत धाकटे असेल त्याला खांद्यावर घेत. गाडीत गुजराती, घरात मराठी आणि रूलबुकापुरते इंग्रजी, अशी त्यांची भाषेची वाटणी होती.

तात्या १९२५ साली गायकवाड सरकारच्या रेल्वेत लागले. अडीच फुटी रुळांच्या या छोट्या गाडीचा बडोदेकरांना भारी अभिमान. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम हा तिचा पहिला मार्ग सुरू झाला, तेव्हा डबे ओढायला इंजिन नव्हते, बैल होते. ही गोष्ट सांगताना तात्यांचा चेहरा असा खुले, की जणू ते बैल त्यांनीच हाकले होते. पुढे १९४९ साली संस्थान विलीन झाले, रेल्वे आधी बी.बी.अँड सी.आय.कडे आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेकडे गेली. तात्यांना त्याचे फारसे काही वाटले नसावे. मालक बदलले, डभोई तिथेच होती.

त्यांच्या शिस्तीबद्दल पुष्कळ सांगता येईल, पण नोकरीत शिस्तीची माणसे त्या काळी खूपच होती. मला आठवतो तो त्यांचा हातकंदील. कामावरून आल्यावर तो पडवीत बसून ते स्वतः पुसत. लाल आणि हिरवी काच अंधारात भिंतीवर फिरवून दाखवीत. आम्ही मुले गाडी होऊन अंगणात धावत असू आणि लाल उजेड पडला की जागच्या जागी थबकत असू. थंडीत ते वाटेवरच्या शेतातला कोवळा पोंक आणीत, उन्हाळ्यात रायणे. माईने दिलेल्या दशम्यांतली एक दशमी ते हटकून परत आणीत. गाडीतून फिरून आलेली म्हणून तिच्यासाठी आमची भांडणे होत. दर रविवारी ओळीने बसवून ते आमची नखे काढीत. शाळेची बेरीज-वजाबाकी मी टाइमटेबलावर शिकलो: गाडी इतक्या वाजता सुटली, मध्ये इतकी मिनिटे थांबली, तर पोचली केव्हा?

या गाडीत आम्ही सगळे बसलो होतो, एकटी माई सोडून. चांदोदला नर्मदास्नानाला आळीतल्या बायका निघाल्या की ती काही ना काही निमित्त काढी. एकदा मी तात्यांना कारण विचारले. ते कंदिलाची वात नीट करीत होते. "तिचा रुसवा गाडीवर आहे," ते म्हणाले, "माझ्यावर नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "माझ्यावर असता तर बरं झालं असतं."

खरे काय ते वडिलांनी मला खूप उशिरा सांगितले. १९३४ च्या श्रावणात वडिलांची पाठची बहीण घटसर्पाने आजारी होती. चार वर्षांची. तात्या सकाळी तिला औषध पाजून निघाले. संध्याकाळी डभोईला त्यांच्या हाती घरची तार पडली. बोडेलीकडे जाणारी गाडी उभी होती. तिच्यावर जायचा गार्ड स्वतःच तापाने फणफणला होता आणि दुसरा कुणी नव्हता. गाडीत बाजार करून परतणारी माणसे, बायका, पोरे भरली होती, पावसाने ओरसंग दुथडी वाहत होती. तात्या फलाटावर किती वेळ उभे राहिले, कोण जाणे. त्यांनी हिरवा दिवा दाखवला आणि गाडी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ते घरी पोचले, तेव्हा काकांनी सगळे आटोपले होते.

डभोईहून तडक निघाले असते तरी मुलगी त्यांना भेटली असती का, हे घरात कुणी कधी बोलले नाही. माईने विचारले नाही, तात्यांनी सांगितले नाही. ती दशम्या करीत राहिली आणि ते त्यांतली एक परत आणीत राहिले. वडील म्हणाले, ती परतीची दशमी तेव्हापासूनची आहे. आत्या वाट पाहत असे. तात्या बरोबर वागले, असे मला लहानपणी ठामपणे वाटले असते. आता मला स्वतःला नाती आहेत आणि ते तितक्या ठामपणे म्हणवत नाही.

तात्या १९६० साली निवृत्त झाले आणि १९७६ च्या मार्गशीर्षात गेले. अस्थी चांदोदला न्यायच्या ठरल्या. वडिलांनी मोटार ठरवली होती. माई म्हणाली, "मोटार नको. त्यांच्या गाडीनं जाऊ. मीही येणार." कुणाची 'नाही' म्हणायची छाती झाली नाही. सहासष्टाव्या वर्षी ती पहिल्यांदा छोट्या गाडीत चढली. लाकडी बाकावर खिडकीशी बसली, कलश मांडीवर घेतला. प्रतापनगरहून डभोई जेमतेम तीस किलोमीटर. पण गाडी शेताच्या बांधांशी गप्पा मारल्यासारखी चाले. पोरे उतरून धावत पुन्हा चढत. डभोईला माई खिडकीतून फलाटाकडे बराच वेळ पाहत राहिली. तिथला फलाट तो केवढा! या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येईल, एवढाच.

आता ते रूळ नाहीत. १७ जानेवारी २०२१ पासून त्याच वाटेने, डभोई-चांदोदवरून, केवडियापर्यंत मोठ्या गाड्या जातात. तात्यांचा कंदील माझ्याकडे आहे. त्याची हिरवी काच तडकली आहे.

चांदोदहून परतताना अंधार पडला होता. डब्यात मिणमिणता दिवा होता. माई झोपली असे वाटून मी तिच्या अंगावर शाल घातली, तर ती जागीच होती.

"किती हळू चालते रे ही," ती म्हणाली. "इतकी हळू चालते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रात्रभर बसले असतील."