मळ्यातील पोहण्याचा हौद

पोहण्याचा तलाव म्हटला की शहरातील निळ्या फरश्यांचा व पाणी गाळणाऱ्या यंत्रांचा थाट डोळ्यांपुढे येतो आणि शेतकरी तो विषय तेथेच सोडून देतो. वस्तुतः त्या यंत्रांवरील खर्च तेच पाणी पुन्हापुन्हा वापरता यावे म्हणून करावा लागतो. ज्याच्या मळ्यात विहीर आहे व ज्याला पाणी अखेर पिकालाच द्यावयाचे आहे, त्यास यंत्रांची गरज नाही. पाणी प्रथम हौदात घ्यावे, मुलांनी त्यात पोहावे आणि मग ते पाटाने शेतात सोडावे.

ही केवळ हौस नव्हे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आता गावोगाव दिसतात. त्यांचे काठ उतरते असून कागद ओला व शेवाळलेला असतो. पाय ठरत नाही, हाताला धरावयास काही नसते. पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर येणे कठीण होते आणि वाचविण्यास उतरलेलाही सापडतो. शेततळ्यास कुंपण व आत सोडलेले दोर हवेतच. परंतु मुलांची पाण्याची ओढ नुसत्या मनाईने थांबत नाही. त्यांना छातीइतक्या पाण्यात, मोठ्यांच्या नजरेखाली पोहणे शिकता येईल अशी जागा करून देणे अधिक शहाणपणाचे आहे.

सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद व एक मीटर पाण्याचा हौद घरच्या कामास पुरे. त्यात १८,००० लिटर पाणी मावते. ताशी १०,००० लिटर पाणी देणारा पंप तो दोन तासांच्या आत भरतो. हेच पाणी एक एकरावर सारखे पसरल्यास सुमारे साडेचार मिलिमीटर भरते. म्हणजे ते वाया गेले असे होत नाही.

खोलीचा मोह मात्र आवरावा. एक मीटर पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीस ५०० किलोग्रॅम भाराइतका रेटा देते. दीड मीटर पाण्याचा रेटा ११२५ किलोग्रॅम होतो. खोली दीडपट, तर रेटा सव्वादोनपट! खर्च वाढतो तो येथे.

जागा मुरमाची व शेताच्या चढाच्या अंगास असावी, म्हणजे तळाचे पाणी आपोआप खाली उतरेल. काळी जमीन भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. तीत पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंती तडकतात. पावसाळ्यात भूजल जमिनीलगत येत असेल तेथे हौद बांधूच नये. रिकाम्या हौदाचा तळ खालच्या पाण्याच्या दाबाने फुटतो.

अर्धा मीटर पाणी जमिनीखाली व अर्धा मीटर वर राहील असे बांधकाम करावे. भिंती दगडाच्या, सिमेंटच्या चुन्यात, ४५ सेंटिमीटर जाडीच्या असाव्यात आणि जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच न्याव्यात. भिंत व खड्डा यांमधील पोकळीत मुरूम कुटून भरावा. आतून एक भाग सिमेंट व तीन भाग वाळूचा गिलावा करून कोपऱ्यांस गोलाई द्यावी. तळ घोटून गुळगुळीत करू नये, पाय घसरतो. खोदाई घरच्या माणसांनी करावी, शेतातला दगड वापरावा, फरशी तर नकोच. सिमेंटात व पाणी मारण्यात मात्र काटकसर करू नये. निदान दोन आठवडे गिलावा ओला ठेवल्याशिवाय हौद भरू नये.

दर हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पूर्ण हौदास ९० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून रात्री वरची निवळ ओतावी व सकाळी पोहावे. दोन-तीन दिवसांनी पाणी शेतास द्यावे. आठवड्यातून एकदा हौद घासून कोरडा करावा, म्हणजे डासांच्या अळ्यांची वाढ पुरी होणार नाही. या हौदात खत विरघळविणे किंवा फवारणीचा पंप धुणे सर्वस्वी वर्ज्य समजावे.

निचऱ्याच्या नळाच्या तोंडावर घट्ट जाळी बसवावी. पाण्यात कोणी असताना झडप उघडू नये, कारण ओढीने लहान मुलाचा हात वा पाय तेथे अडकू शकतो. मूल पाण्यात असेतोवर पंपाचा वीजपुरवठा बंद असावा आणि वायर हौदाच्या काठावरून कधीही नेऊ नये. बाहेरून चढण्यास पक्क्या पायऱ्या न बांधता लाकडी शिडी करावी आणि मोठे माणूस हौदापासून निघाले की तिने शिडीही घरात न्यावी, असा नियम घरातील कर्त्या बाईच्या हाती सोपविल्यास तो बहुधा पाळला जातो.