जुन्या व्हॅनच्या थ्रॉटल-स्विचाची परीक्षा

शेतमालाची ने-आण करण्यासाठीं जुनी व्हॅन बाळगणाऱ्यांस कधीं कधीं असा प्रसंग येतो कीं, गाडी उभी करतांच इंजिन अडखळतें, चढावर पुरता जोर धरीत नाहीं, आणि मिस्त्री इंजिनाचें नियंत्रण करणारा मौल्यवान कॉम्प्युटर बदलण्याचा सल्ला देतो. तो खर्च पत्करण्यापूर्वीं थ्रॉटलच्या स्विचाची परीक्षा करून पाहणें श्रेयस्कर होय.

उदाहरणादाखल फोक्सवॅगनची तिसऱ्या पिढीची व्हॅन घेऊं. ती १९७९ सालीं जर्मनींत निघाली व अमेरिकेंत 'व्हॅनॅगन' या नांवानें खपली. तिला पुढें बसविलेल्या २.१ लिटर पेट्रोल इंजिनांत थ्रॉटलच्या झडपेपाशीं दोन तारांचा एकच स्विच असतो. झडप पूर्ण मिटली कीं त्याचा संपर्क जुळतो, मधल्या स्थितींत तुटतो, व झडप पूर्ण उघडतांच पुन्हां जुळतो. पहिल्या इशाऱ्यावर कॉम्प्युटर इंजिनाची मंद गति स्थिर राखतो व उतारावर पाय काढला असतां पेट्रोल तोडतो. दुसऱ्या इशाऱ्यावर पेट्रोलचें प्रमाण वाढवितो.

परीक्षेपूर्वीं किल्ली बंद करून इंजिन निवूं द्यावें. इंजिन पाठीमागें असतें. झाकण उघडतांच पेट्रोलचा वास आल्यास इतर सर्व सोडून जुन्या रबरी नळ्या आधीं बदलाव्या, कारण त्यांपासून आगीचें भय असतें. नंतर झडपेवरील काजळी पुसावी, आणि रेसची तार फाजील ताणलेली नाहीं ना, तें पाहावें. स्विचाचें जोडणें काढून त्याच्या दोन टोकांस मीटर लावावा. झडप मिटलेली असतां रोध शून्याजवळ, थोडी उघडतांच अमर्याद, व सोबत्यानें पेडल तळापर्यंत दाबल्यावर पुन्हां शून्याजवळ दिसला पाहिजे.

पहिला संपर्क न जुळल्यास स्विचाचे स्क्रू सैल करावे, व झडप पुरती मिटण्याच्या किंचित् आधीं 'टक्' असा आवाज येईल अशा बेतानें तो सरकवून स्क्रू आवळावे. झडपेच्या अटकावाचा स्क्रू मात्र फिरवूं नये. त्यानें झडपेची मूळ बैठकच बदलते. पेडलानें दुसरा संपर्क जुळत नसून हातानें झडप उघडल्यास जुळत असेल, तर दोष तारेचा समजावा. सरकवूनही संपर्क न जुळे, तर स्विच बदलावा. स्विच निर्दोष ठरल्यास सांध्यांतून हवा शिरते काय, तें शोधावें.

वाचकांची गाडी निराळ्या घडणीची असल्यास तिचीं मापें तिच्याच पुस्तकांत पाहावीं. कांहीं गाड्यांत स्विचाऐवजीं क्रमाक्रमानें रोध बदलणारें यंत्र असतें. त्यास वरील परीक्षा लागू नाहीं. परंतु स्वस्त भागाची परीक्षा आधीं व महाग भागाची खरेदी मागाहून, हा क्रम सर्वत्र हिताचा आहे.