शुक्रधातू आणि दिवाळीचे ताट

दीपावलीच्या मंगल पर्वात, चकल्या-करंज्यांची ताटे घरोघरी सजलेली असताना, मेदाचा विषय काढणे म्हणजे रसभंगच. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या उद्योगनगरीत कीर्तन आटोपल्यावर ज्या सुना पदर पसरून उभ्या राहतात, त्यांचे मागणे बहुधा एकच असते : घरात पाळणा हलावा. नवस त्यांचे, उपवास त्यांचे, तपासण्याही त्यांच्याच. ‘यजमानांची तपासणी झाली का?’ असे विचारले की उत्तर येत नाही. वस्तुतः अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील दोष, एकटा अथवा इतर कारणांच्या जोडीने, आढळतो.

मेद आणि शुक्र यांचा संबंध आपल्या पूर्वसूरींना अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, अनावर क्षुधा यांच्याच पंक्तीत तेथे मैथुनातील कष्टही आहेत, आणि कारण दिले आहे ते असे की, अशा देहात शुक्र अल्प असते व मेदाने त्याचा मार्ग व्यापलेला असतो. रसापासून शुक्रापर्यंत सात धातूंची परंपरा मानली, तर मेद चौथा आणि शुक्र सातवे. चौथ्याच दारी सारे धान्य उतरवून घेतले, तर सातव्या घरी काय पोचणार?

आधुनिक शास्त्राची परिभाषा निराळी. एक ग्रॅम पिष्टातून 4 कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धातून 9. श्रमावाचून साचलेले हे इंधन त्वचेखालची जागा अपुरी पडली की यकृतात व स्नायूंत शिरते. तेथे इन्सुलिनची आज्ञा मानली जात नाही, आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. पोटावरची चरबी ही निर्जीव गाठोडी नव्हे. तिच्यातील एक विकर पुरुषत्वाचे टेस्टोस्टेरॉन हे द्रव्य स्त्रीत्वाच्या इस्ट्रोजेनमध्ये पालटून टाकते. ते वाढले की मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी वृषणांना द्यावयाची प्रेरणा आवरती घेते. टेस्टोस्टेरॉन घटले की चरबी आणखी वाढते. रहाटगाडगेच हे!

डेन्मार्कमधील 701 तरुणांचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. संपृक्त स्निग्धे सर्वाधिक खाणाऱ्या गटात शुक्राणूंची घनता, ती सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, 38 टक्क्यांनी कमी आढळली. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगीही ही गोष्ट नाही.

येथे कोणी वाचक विचारील, ‘मग आयुर्वेदाने तूप शुक्रवर्धक म्हटले, ते खोटे काय?’ खोटे मुळीच नाही. टेस्टोस्टेरॉन घडते तेच मुळी कोलेस्टेरॉलपासून. मात्र त्याच चरकाचार्यांनी स्थौल्याची कारणे देताना स्निग्ध व मधुर अन्नाशेजारी व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप मांडली आहे. तूप पचविणारा तो देह नांगर धरणारा होता. आज ज्यांच्या आजोबांनी चाकणच्या शिवारात मोट हाकली, त्यांचे नातू कंपनीच्या बसने जातात, रात्रपाळीत यंत्रापुढे उभे राहतात, पहाटे गेटाबाहेर वडापाव खाऊन दिवसा झोपतात. त्या झोपेसाठी त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? मात्र रात्री शरीराची साखर पचविण्याची शक्ती मंदावलेली असते, म्हणून पाळीतला जड डबा तेवढा आवरावा. पुनःपुन्हा तापविलेल्या तेलातले तळण तर वर्ज्यच समजावे.

‘आमचे चिरंजीव कुठे लठ्ठ आहेत?’ हा दुसरा आक्षेप. याचे उत्तर पुण्यातूनच मिळाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा 22.3, पण शरीरातील चरबी युडकिनांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांचे धावणे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी आत शिरण्यापुरते, अशी मिस्कील नोंदही तेथे आहे. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या मुलांच्या कमरेला म्हणूनच टेप लावून पाहावी. नव्वद सेंटिमीटरच्या पुढे गेली तर वजनकाट्यावर विसंबू नये.

दोष एकट्या आहाराचा नसतो. वृषणाजवळच्या शिरांची गाठ, जुना संसर्ग, तंबाखू, भट्टीजवळची उष्णता अशी कारणे अनेक, म्हणून घरगुती निदान न करता वैद्यकीय तपासणीच करावी. वीर्यतपासणी ही साधी व वेदनारहित आहे. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यावयाचा असतो. स्त्रीच्या शस्त्रक्रियांपूर्वी ती व्हावी, हा क्रम आपल्याकडे नेमका उलटा झाला आहे. एक शुक्राणू घडण्यास सुमारे 74 दिवस लागतात, आणि पक्व होऊन बाहेर पडण्यास आणखी काही. तेव्हा लक्ष्मीपूजनापासून ज्याने आहार-विहार बदलला, त्याने त्याचे फळ पाहण्यासाठी फेरतपासणी करावी ती माघात, चिंचवडच्या मंगलमूर्तींची पालखी मोरगावी निघते त्या सुमारास.